चांगभलं न म्हणता

“एक पान तेवढं ठेवू द्या म्हणावं,” मामा मला म्हणाले. “एकच.”

टेबलापलीकडे गणवेशातली बाई रबरी मोजे घालून उभी होती. समोर मामांची उघडलेली बॅग, आणि बॅगेतून निघालेला स्टीलचा लहान डबा. डब्यात ज्योतिबाच्या अंगाऱ्याची पुडी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुळशीची पानं. मामींनी निघताना दिलेली. न्यूझीलंडमध्ये बाहेरचा पालापाचोळा आत येऊ देत नाहीत, हे विमानात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, टाकून द्या. तर मामा म्हणाले, “टाकायचं बी न्हाई आन् लपवायचं बी न्हाई. परका मुलूख हाय, इचारून न्यायचं.”

मी त्या बाईला इंग्रजीत सांगितलं, की माझा भाऊ इथं हॉस्पिटलमध्ये आहे, अपघात झालाय, हे देवाचं आहे.

ती माणूस म्हणून चांगली असावी. तिचा चेहरा पडला. पण मान हललीच. ताजं पान एकही नाही. अंगाऱ्याची पुडी तिनं हुंगून परत दिली. माझ्या पिशवीतल्या नव्या कोल्हापुरी चपला बाहेर काढून त्यांचे तळ बघितले, माती नव्हती, त्याही परत दिल्या. पानं मात्र एका झाकणाच्या पेटीत टाकली. मामा त्या पेटीकडे बघत उभे. हलायला तयार नाहीत.

“चला ना मामा!” मी त्यांचा दंड धरून ओढला. “इंद्रा तिकडं मशीनवर आहे आणि आपण इथं पाल्यासाठी भांडत बसलोय!”

“व्हय,” मामा म्हणाले. “चल.”

इंद्रा म्हणजे इंद्रजित, माझा धाकटा भाऊ. आमचे वडील आम्ही लहान असतानाच गेले, मागोमाग आई. आम्हा दोघांना हिंदुरावमामांनी आणि मामींनी पन्हाळ्याखालच्या त्यांच्या घरी वाढवलं. मामांची केतकी आमच्याहून बरीच लहान, आमच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. इंद्रानं शेतकी कॉलेज केलं आणि न्यूझीलंडमधल्या एका मोठ्या गोठ्यावर नोकरी धरली. मला ते अजिबात पसंत नव्हतं. शेणच काढायचं तर इथं काय म्हशी कमी होत्या? पण मामा म्हणाले, “जाऊ दे पोराला. जग बघू दे.” आणि तो गेला.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी त्याला फोनच्या पडद्यावरच ओवाळलं. तो खिदळत म्हणाला, “ताई, ओवाळणी उधार. येताना मला कोल्हापुरी चप्पल आण, इथल्या बुटांनी पाय उकडून निघालेत.” नाताळात मामा आणि मी त्याच्याकडे जाणार होतो. व्हिसा हातात होते. ते कशाला उपयोगी पडले बघा. दिवाळी सरते न सरते तोच त्याच्या मालकिणीचा, डेब्राचा, फोन आला. उतारावर चारचाकी मोटारसायकल उलटली, इंद्रा खाली सापडला, डोक्याला मार आहे, बेशुद्ध आहे. लवकर या.

निघालोच. माझा नवरा शिरीष मुलीपाशी आणि मामींपाशी घरी राहिला. इंग्रजी मला येत होतं, गाडी मला येत होती. आणि मामांना मागं ठेवायचं म्हटलं असतं तर ते विमानामागं पळत आले असते.

मामांबद्दल थोडं सांगायलाच हवं. ते एस.टी.चे ड्रायव्हर. सगळी उमर कोल्हापूर आगारात गेली. गाडी मला त्यांनीच शिकवली, दोन थपडा आणि शंभर शिव्या देऊन. कुठलंही वाहन सुरू व्हायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचे आणि खणखणीत म्हणायचे, “ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!” एस.टी. असो, वडापची जीप असो, माझी स्कूटी असो. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की दारातून म्हणायचे. मुंबईच्या विमानात पट्टा बांधून एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की पलीकडचा गोरा दचकून हवाईसुंदरीला शोधायला लागला. एवढ्या काळजीतही मला हसू फुटलं होतं.

आणि त्यांची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मामा रत्नागिरीची गाडी घेऊन निघाले होते आणि इकडे त्यांची आई गेली. निरोप मलकापूरच्या स्टँडवर पोचला. कंट्रोलरनं तो ड्रायव्हरला दिलाच नाही, कंडक्टरला दिला. साळोखे नावाचा कंडक्टर. साळोख्यानं अख्खा आंबा घाट तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिकिटं फाडली, घंटी मारली, साखरप्याला मामांना चहा पाजला. रत्नागिरीत गाडी फलाटाला लागली, इंजिन बंद झालं, तेव्हा केबिनच्या दारात येऊन म्हणाला, “हिंदुराव, चावी द्या.” चावी हातात घेतली आणि मग सांगितलं. स्टिअरिंगवरच्या माणसाला बातमी द्यायची नाही, ही त्या लोकांची रीतच होती. मामा त्या साळोख्याशी वर्षभर बोलले नाहीत. पुढं त्याच्याच मुलीच्या लग्नात पंगती वाढायला उभे राहिले.

ही गोष्ट मला पाठ होती हो. पाठ असून काय उपयोग.

आमचं विमान सिंगापूरला बदलायचं होतं. सकाळी उतरलो, पुढचं विमान संध्याकाळी. दिवसभर त्या चकचकीत विमानतळावर बसून राहायचं. माझा फोन मी एका खांबाजवळ चार्जिंगला लावला होता. तेवढ्यात मामांचा वाजला.

“शिरीषराव हायत,” मामा म्हणाले आणि उठून काचेकडे गेले.

पाठमोरे उभे राहिले. फोन खिशात गेला तरी तसेच उभे. बाहेर विमानांचं सामान चढवत होते, ते बघतायत असं मला वाटलं. परत आले तेव्हा तोंड ओलं होतं.

“तोंड धुतलं जरा,” म्हणाले.

“काय म्हणाला शिरीष?”

“हाय तसंच हाय. डॉक्टर बघायलेत.”

मी माझा फोन ओढून शिरीषला लावला. तोही तेच म्हणाला, आहे तसंच आहे. वर म्हणाला, “तू मामांना सांभाळ.” मला रागच आला. इथं कोण कुणाला सांभाळतंय!

दुसऱ्या विमानात मामांनी पट्टा बांधला, हात गुडघ्यांवर ठेवले. विमान हललं. मी वाट बघत होते.

“मामा, चांगभलं?”

“झोप तू,” ते म्हणाले.

जेवण आलं तर ताट झाकूनच ठेवलं. सोबतच्या गोडाला तर बोटसुद्धा लावलं नाही, आणि हा माणूस गोडासाठी मामींशी भांडणारा. सकाळी तोंड धुऊन खिशातल्या डबीतलं अष्टगंध कपाळाला लावायचे, ती डबीही बाहेर निघाली नाही. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्यानं हाय खाल्ली. आता ह्यांनाही मीच ओढत न्यायचं. आपण सोडून सगळे ढेपाळलेत असं एकदा वाटायला लागलं की माझं डोकं तापतंच.

तर असे आम्ही क्राइस्टचर्चला उतरलो आणि तुळशीची पानं घालवून बाहेर आलो.

इंद्राचं हॉस्पिटल तिथून दक्षिणेला, गाडीनं चार-पाच तासांवर. पुढचं विमान थेट दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून मी मुंबईतूनच भाड्याची गाडी ठरवून ठेवली होती. गाड्यांच्या काउंटरवर एक दाढीवाला पोरगा माझं लायसन्स बघत होता. एवढ्यात मामा माझ्या कानाशी आले.

“वैजू, त्या डेब्राबाई मानूस पाठवत्यात म्हणं आपल्याला न्यायला. थांबूया.”

“कोण म्हणालं?”

“शिरीषराव.”

“कधी म्हणाला? मला का नाही सांगितलं? आणि तो माणूस तिकडून येणार कधी, आपण पोचणार कधी? दिवस जाईल अख्खा!”

“जाऊ दे गेला तर.”

“जाऊ दे? मामा, जाऊ दे?”

माझा आवाज असा चढला, की दाढीवाल्याची टाइप करणारी बोटं थांबली.

“ऐक माझं एकदा,” मामा म्हणाले. “कवातरी ऐक.”

“आत्ता नाही. तुम्हाला थांबायचं तर थांबा, मी एकटी जाते.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची झाक आली होती, लायसन्स संपून वर्षं झाली होती. नाहीतर त्यांनी चावी माझ्या हातात पडूच दिली नसती, हे मला आज कळतं.

“बरं,” म्हणाले. “पण माझ्या पद्धतीनं चालवायची. थांब म्हणीन तितं थांबायचं.”

पांढरी गाडी होती. मामांनी तिला चौफेर चक्कर मारली, चारही टायरांना पायानं ठोकलं, वायपर उचलून बघितले, मला दिवे लावायला लावले. मग शेजारी येऊन बसले. मी चावी घातली आणि सवयीनं थांबले. हे म्हणणार आणि मग मी फिरवणार, असंच मी गाडी शिकले होते.

“मामा?”

“आरसा सारखा कर,” ते म्हणाले.

मग मीच म्हटलं, “ज्योतिबाच्या नावानं...”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बर्फासारखा गार. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “चल.”

असं कधीच झालं नव्हतं. पण मी चावी फिरवली.

रस्ता सोपा होता. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. दोन्हीकडे नजर जाईल तिथवर सपाट हिरवी कुरणं आणि मेंढरं. माणूस म्हणून नाही कुठं. पण वारा! आपल्याकडे वळवाच्या आधी सुटतो तसा गरम वारा, आणि तो सुटला तो थांबेचना. डोंगरांवर ढगाची एक लांबलचक कमान झाली होती, तिच्याखाली आभाळ पिवळट. गाडीला मधूनच कुणीतरी खांद्यानं ढकलल्यासारखा धक्का बसायचा. रस्त्याकडेची झाडं एका अंगाला लवून घोंगावत होती.

“दोन्ही हातानं धर,” मामा म्हणायचे. नाहीतर, “काटा खाली आण.” नाहीतर, “मागचा घाई करतोय, जाऊ दे त्याला.” एवढंच.

एका नदीवर एवढा लांब पूल होता, की दुसरं टोक दिसेना. खाली पाणी थोडं आणि पांढरे गोटे फार. पुलावर वारा आडवा लागला. माझे तळवे घामानं निसटायला लागले.

“इंद्राशी काय काय बोलायचं ते मी ठरवलंय,” मी म्हटलं. गप्प बसलं की भीती वाटत होती. “बेशुद्ध माणसालाही ऐकू येतं म्हणतात. आधी शिव्या घालणार. मग चपला दाखवणार.”

मामा पुलाचा कठडा बघत होते.

“ऐकू येतं ना हो?”

“पूल सपू दे,” मामा म्हणाले.

पुढं एक गाव लागलं. मामा म्हणाले, “थांब हितं. काहीतरी खा.”

“मला नको.”

“ड्रायव्हरनं खाल्ल्याबिगर गाडी हलायची न्हाई.”

“मामा, तो तिथं मरायला टेकलाय आणि तुम्हाला चहा सुचतोय!” मी किंचाळलेच. फुटपाथवरून एक आजीबाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थबकली.

“शिव्या दे,” मामा म्हणाले, “पण खा.”

बाकावर बसून मी ते थंड सँडविच माती खाल्ल्यासारखं गिळलं. ते स्वतः पाण्याशिवाय काही घेईनात. मी खातेय तोवर मामा समोरच्या मोठ्या दुकानात गेले. बराच वेळ येईनात. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला. तेव्हा आले, दोन्ही हातांनी एक प्लास्टिकची कुंडी छातीशी धरून. कुंडीत हिरवंगार झुडूप.

“हे काय?”

“सब्जा,” मामा म्हणाले. कुंडी मांडीवर घेऊन पट्टा बांधायला लागले. “वास बघ. तुळशीचीच भण. भाजीत मिळतोय हितं.”

मी एक पान चुरून हुंगलं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की ह्या माणसाला तुळशीची पानं कशाला हवी होती. उशाशी ठेवायला नव्हे.

“टाका ते बाहेर,” मी म्हटलं.

“वैजू...”

“बाहेर टाका! मी लहान नाही मामा. आईच्या तोंडात पान मीच ठेवलं होतं, तुम्हीच माझा हात धरला होता. मला कळतं हे कशाला लागतं ते! तो जिवंत आहे. ऐकताय? माझा भाऊ जिवंत आहे, आणि तुम्ही त्याला मारून मोकळे झालात! चांगभलं नाही, गंध नाही, जेवण नाही. सुतकच धरलंय की तुम्ही! तो श्वास घेतोय तिथं!”

पुढं जे कळायला हवं होतं ते माझ्याच तोंडात होतं. मी ते बोलले आणि मला ते ऐकू आलं नाही. राग डोक्यात असला की माणूस स्वतःचंसुद्धा ऐकत नाही.

मामांनी कुंडीभोवती दोन्ही हात घट्ट आवळले. “गाडी काढ,” म्हणाले. “मला काय बोलायचं ते बोल. पर रस्ता सोडू नगंस.”

मग मी बोलले. गाव मागं पडलं आणि माझं तोंड सुटलं. “तुम्हीच पाठवलात त्याला. मी नको म्हणत होते. जग बघू दे म्हणे! बघितलं जग? आईबाप नसलेलं पोर, त्याला सातासमुद्रापार हाकललंत. तुमच्यामुळं पडलाय तो तिथं. तुमच्यामुळं!”

“व्हय,” मामा म्हणाले.

मला वाटलं, भांडतील. समजावतील. निदान गप बस म्हणतील. ते समोर रस्त्याकडे बघत होते. सब्जाचा वास गाडीभर झाला होता.

“म्होरं वळण हाय,” म्हणाले. “गियर बदल.”

वळणापलीकडे रस्ता उघड्यावर आला. समोरून दुधाचा भला मोठा टँकर येत होता. तो आमच्या शेजारून गेला, त्याची हवा आणि वाऱ्याचा झोत एकदमच आदळला. स्टिअरिंग माझ्या हातातून गेलं. डावी चाकं खडीत उतरली, गाडीचं बूड घसरायला लागलं, पुढं तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे कालवा.

“ब्रेक नगं,” मामा म्हणाले. एवढ्या शांतपणे, की भजनात टाळ धर म्हणावं तसं. “ब्रेक नगं. पाय काढ. धर सरळ. धर, धर. आता हळू उजवीकडं. आली बघ.”

गाडी डांबरावर आली. मी कडेला थांबवली.

“जमतंय की तुला,” मामा म्हणाले. “दम खा. मग निघू.”

त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एका हातानं कुंडी धरलेली, दुसरा माझ्या पाठीवर.

“इंद्राला सांगू नका हं,” मी म्हटलं. “चिडवेल मला जन्मभर.”

मामांनी पाठीवरचा हात काढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तिकडंच बघत म्हणाले, “न्हाई सांगत.”

उन्हं कलायच्या आत पोचलो. हॉस्पिटलपुढं मोठी मोकळी जागा, गाड्या लावायला पांढरे पट्टे. दारापाशी एक उंच, पिकल्या केसांची बाई उभी होती. फोटोत बघितलेली डेब्रा. आमची गाडी बघून ती पुढं यायला लागली. मामांनी काचेआडून तिला हाताचा पंजा दाखवला. थांब. ती तिथंच थांबली. कुणी न सांगता तिला कसं कळलं, देव जाणे.

“सरळ लाव,” मामा म्हणाले. “आनि थोडी म्होरं. बस. हँडब्रेक वढ. इंजिन बंद कर.”

मी केलं सगळं. पट्टा सोडला, पिशवीतल्या चपला चाचपल्या, दाराला हात घातला.

“वैजू.”

“आता काय?”

“चावी दे.”

मामांनी हात पुढं केला होता. उताणा.

मी त्या हाताकडे बघितलं. साखरप्याचा चहा, साळोखे, रत्नागिरीचा फलाट. सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी चावी मुठीत आवळली, एवढी की तळहाताला रुतली. चावी माझ्याकडे आहे तोवर गाडी चालू आहे. तोवर इंद्रा आहे.

“नाही देणार,” मी म्हटलं.

“दे, बाळ.”

“नाही. मी नाही देणार. तुम्ही आत जा आणि बघून या.”

“सपलं गं वैजू,” मामा म्हणाले. “दे ती चावी.”

“कधी?”

“आपन सिंगापूरला हुतो तवा.”

मी त्यांना मारलं. सख्ख्या मामाला, बापाच्या जागी असलेल्या माणसाला, मी दोन्ही मुठींनी छातीवर मारलं. कुंडी पडली, माती गाडीभर झाली. शिरीषला शिव्या दिल्या, ज्योतिबाला दिल्या. मामांनी मारू दिलं. माझा जोर सरला तेव्हा माझी मूठ उघडून चावी काढून घेतली, खिशात घातली. आणि मग तो माणूस रडला. “इंद्रा रं... माझ्या लेकरा रं...” असा हंबरडा फोडला की ती परदेशी बाई धावत आली आणि गाडीचं दार उघडून त्यांच्यासमोर खाली गुडघ्यांवर बसली. सिंगापूरपासून आवरून धरलेलं होतं ते. मी त्यांना तोपर्यंत कधी रडताना बघितलं नव्हतं.

इंद्राच्या कपाळाला मामांनी अंगारा लावला. पान माझ्याकडून ठेवून घेतलं. मोडलेल्या झुडपातली त्यातल्या त्यात चांगली दोन पानं त्यांनी निवडून, हातरुमालानं पुसून माझ्या हातात दिली. चपला तशाच पिशवीत राहिल्या. पुढं त्या मामांनीच वापरल्या. त्यांच्या पायाला मोठ्या व्हायच्या, घरभर फटक फटक वाजायच्या.

मी त्यांना माफ केलं नाही. तोंडावर सांगितलं तसं. “तुम्ही मला फसवलंत. तो पूल मी त्याच्याशी बोलायचे शब्द जुळवत ओलांडला. असलं खोटं मी कधी कुणाला सांगणार नाही.”

“नगं सांगू,” मामा म्हणायचे. वर्षानुवर्षं, जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा एवढंच.

गेल्या वर्षी मामा गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात ठेवलं तेव्हाच केतकीला जर्मनीला फोन केला होता. ती मिळेल त्या विमानानं निघाली, मध्ये दोहाला बदलून. ती हवेत असतानाच सकाळी मामांनी डोळे मिटले. आम्ही त्यांना घरी आणलं, सोप्यात निजवलं, उशाशी दिवा लावला. केतकी येईपर्यंत थांबवायचं ठरलं. शिरीषनं गाडी पाठवायचं बघितलं, पण ती मुंबईत उतरून मोकळी झालेली.

तिचा फोन मला आला. “ताई, मी गाडी घेतलीय भाड्यानं. बसलेच आहे गाडीत. निघते.”

“तू नको चालवू गं. थांब तिथंच, शिरीष माणूस पाठवतोय.”

“त्याची वाट बघत बसू? पप्पा तिकडं तसे असताना? मी निघाले.”

आमचंच रक्त, दुसरं काय. सोप्यात बायकांचं रडणं चाललं होतं. मी हातानं खूण करून त्यांना गप्प केलं आणि आत गेले.

“ताई, खरं सांग. पप्पा कसे आहेत?”

“आहेत तसेच आहेत.”

“तुझा आवाज असा का येतोय?”

“जागरणं झालीत. वाटेत खाऊन घे काहीतरी. काटा खाली ठेव.”

तिनं पट्टा बांधल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “बरं. पप्पांच्या वतीनं तूच म्हण. मग चावी फिरवते.”

सुतकात देवाचं नाव घेत नाहीत. मामांनी घेतलं नव्हतं. सिंगापूरपासून दवाखान्याच्या दारापर्यंत सगळं त्यांनी निभावून नेलं, तेवढं एक खोटं त्यांच्यानं बोलवलं नाही. आणि केतकी त्याच घरातली. चांगभलं नाही म्हणजे काय, हे तिला पाठ होतं.

“ताई?” तिचा आवाज बारीक झाला. “म्हण ना. गप्प का झालीस?”

दारातून मला मामांचे पाय दिसत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली, आणि सोप्यातल्या सगळ्या बायका वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

“ज्योतिबाच्या नावानं चांगभलं! सावकाश ये, बाळ.”